चाकं काढलेलं विमान

"चाकं काढून टाक," लंब्या म्हणाला.

"अरे, मग उतरणार कसं?" ताईने विचारलं.

"पोटावर. मैदानात गवत आहे ना? चाकांचं ओझं उगाच कशाला हवेत फिरवायचं?"

ताईने पक्कड उचलली. कवळ्या बनवायचा तिचा धंदा, घरातली मागची खोली हेच तिचं दुकान. आज दातांच्या साच्यांच्या मधोमध एक फोमचं रिमोटचं विमान पालथं पडलं होतं, नवशिक्यांना देतात तसलं, ढब्बू आणि मंद.

लंब्या तिचा धाकटा भाऊ. बांधकामावरची उंच क्रेन त्याने अकरा वर्षं चालवली. मग गेल्या वर्षी हूक तुटला, तुळई खाली आली आणि एका गवंड्याचा पाय मोडला. चौकशीत दोष हुकाचाच निघाला. गवंडी बरा होऊन कामावरही आला. लंब्या मात्र परत केबिनमध्ये चढला नाही. दांडा धरायचा म्हटलं की त्याचे तळवे घामाने भिजायचे. आता साहेबांनी सोमवारी शेवटचं बोलावलं होतं: येतोस, की दुसरा माणूस घेऊ? दुसरा घ्या, असं सांगून मोकळं व्हायचं त्याने ठरवलं होतं.

यावर ताई अवाक्षर बोलली नव्हती. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा.

ती बोलत होती ती शर्यतीबद्दल. रविवारी विमानांच्या क्लबात नवशिक्यांच्या विमानांची शर्यत होती, उडवणारा कुणीही चालेल. मोटर आणि बॅटरी मूळचीच हवी, बाकी काय वाटेल ते करा. "त्या चष्मेवाल्याने चारचौघांत माझ्या विमानाला खेळणं म्हटलं," ती म्हणाली. "त्याची जिरवायचीच. वजनाचं गणित तुला कळतं, ते तू बघ. उडवेन मी."

वजनाचा विषय निघाल्यावर लंब्याला राहवेना. दोन पंखांखाली दोन बोटं धरून त्याने विमान तोललं. "नाक जड आहे. म्हणून बैलासारखं चालतं." त्याने बॅटरी अर्धं बोट मागे सरकवली. पंखा सुईवर फिरवून पाहिला आणि जे पातं खाली झुकलं ते ताईच्या बारीक पॉलिश-कागदाने घासलं. शेपटीच्या पट्टीची तार आतल्या भोकात अडकवली, म्हणजे पट्टी जास्त वळेल. पोटाला गुळगुळीत चिकटपट्टी लावली. कवळीची पावडर तोलायच्या काट्यावर हिशेब झाला: चाळीस ग्रॅम उतरले!

"माझ्या गिऱ्हाइकाची अख्खी कवळी एवढी भरत नाही," ताई म्हणाली.

शनिवारी सराव झाला. विमान झकास होतं, पण ताई अगदीच ढ. लंब्या डावीकडे म्हणाला की ती उजवीकडे न्यायची. दोनदा झुडपात, एकदा चष्मेवाल्याच्या टोपीवर.

"दोन रिमोट लाव की," चष्मेवाला हसत म्हणाला. तोच क्लबाचा प्रमुख, आणि दरवर्षीचा विजेताही. "नवशिक्यांना परवानगी आहे."

दोन रिमोट वायरने जोडायचे. मोठ्या रिमोटच्या मागे एक बटण. ते दाबून धरलं की विमान छोट्याचं ऐकतं, सोडलं की परत मोठ्याचं.

"मोठा माझा," ताई म्हणाली. "फॉर्मवर सही माझी आहे. तू छोटा धर आणि नुसतं बोल."

"बटण दाबायचं नाही हं, ताई. शपथ घे."

"तुझी शप्पथ, बस्स?"

रविवारी मैदान भरलं होतं. दोन खांबांभोवती पाच फेऱ्या, मग चुन्याच्या वर्तुळात उतरवायचं. ताईने काळा गॉगल चढवला. क्लबातल्या पोस्टमनने विमान हातातून भिरकावलं.

"वर घे, वर... आता डावीकडे," लंब्या बोलू लागला. बोलता बोलता त्याची बोटं छोट्या रिमोटच्या दांड्यांवर आपोआप हलत होती. हलेनात का! ते दांडे मेलेलेच होते. नजर वर होती. विमान खांबाला अगदी चाटून वळलं.

आज ताईला झालंय तरी काय? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत विमान वळत होतं. दुसऱ्या फेरीत चष्मेवाल्याचं विमान पुढे होतं, चौथ्या फेरीला बरोबरीत आलं. "आतून घे!" लंब्या ओरडला. विमान आतून सुसाट निघालं. पोस्टमन टोपी उडवून नाचायला लागला. लंब्याचं भानच हरपलं. असा आनंद त्याला वर्षभरात झाला नव्हता.

पाचवी फेरी संपली. "मोटर बंद... नाक जरा वर... येऊ दे, येऊ दे..." विमान पोटावर घसरत आलं आणि वर्तुळाच्या बरोबर मध्यावर थांबलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्याने स्वतः येऊन ताईच्या हातात कप दिला. "मानलं बुवा," तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही."

लंब्याने बहिणीला गदागदा हलवलं. तळवे कोरडे होते, पण त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. "ताई! काय उडवलंस गं! मी बोलायच्या आधीच तुला कळत होतं! एका रात्रीत शिकलीस तरी कशी?"

"मी?" ताईने गॉगल काढला आणि कप त्याच्या हातात कोंबला. "अरे वेड्या, मी तर पहिल्यापासून बटण दाबून, डोळे गच्च मिटून उभी होते."