गायकाचा नवा अल्बम

डायलिसिसच्या खोलीत रिटायर झालेले मास्तर आणि एक टेलर यांच्या खाटा शेजारी होत्या, आणि आठवड्यातून तीनदा, चार-चार तास एका फुटलेल्या बँडवरून दोघांचं एकच भांडण चालायचं.

मास्तर म्हणायचे, "बँड होता तोवर ते चौघं सोनं होते. फुटले, आणि एकेकाची माती झाली."

टेलर उसळायचा, "अहो, गायक एकटा बाकीच्या तिघांना भारी आहे! शुक्रवारी त्याचा नवा अल्बम येतोय. ऐका, आणि सगळ्यांसमोर 'हरलो' म्हणा."

"म्हणेन की! पण डोंबलाचा चांगला निघतोय तो!"

शुक्रवारी मास्तरांनी सकाळीच अल्बम लावला. बसले होते खोट काढायला, पण चौथ्या गाण्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नाक मुठीत धरून ते दवाखान्यात आले, तर नर्स टेलरच्या खाटेवर नवी चादर घालत होती.

"आमचे टेलर अजून आले नाहीत?"

"काका, ते काल पहाटे गेले," ती हळूच म्हणाली आणि मास्तरांच्या हाताला सुई लावू लागली.

थोड्या वेळाने त्या खाटेवर एक नवा पेशंट येऊन पडला. मास्तरांना राहवेना, तसे ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "हरलो बुवा. गायक एकटाच भारी निघाला."



तो माणूस ओशाळून हसला. "माफ करा हं, मला गाण्यातलं काही कळत नाही."