भेटीचं डुक्कर

चिलीतल्या पोमाइरे या कुंभारांच्या गावात तीन पायांचं मातीचं डुक्कर नशीब उजळवतं. पण ते दुसऱ्या कुणी तरी द्यावं लागतं. दोमितिलाने अशी डुकरं जन्मभर घडवली, तिला मात्र कुणी एकही दिलं नाही. लोक म्हणायचे, "तिला काय कमी!"

शेजारच्या दुकानात तिची भावजय एर्सिलिया चार पायांची डुकरं विकायची. दोमितिला गिऱ्हाइकांना मुद्दाम ऐकवायची, "तिकडची घेऊ नका हो, पाय कच्चे असतात."

एक दिवस एर्सिलियाने भडकून आपलं एक डुक्कर दोमितिलाच्या फळीवर दाणकन आदळलं. "बघा वन्सं, किती कच्चे ते! आणि ठेवा तुमच्याकडेच!"

एक पाय मोडला. सगळा बाजार हसला.


दोमितिलाने तीन पायांवर उभं राहिलेलं ते डुक्कर दोन्ही हातांनी उचललं आणि घरी नेलं.