हात लावायचा नाही

आई जमिनीवर पडली होती.

लेकीच्या हातातल्या दोन्ही बॅगा दारातच सुटल्या. चपला काढायचंही भान तिला राहिलं नाही. पलंग आणि शिलाई मशीन यांच्यामधल्या जागेत आई उताणी होती. डोळे छताकडे. चष्मा मात्र मशीनवर नीट घडी करून ठेवलेला.

"आई!"

"ओरडू नकोस. आणि हात लावायचा नाही."

लेक वाकली होती, ती तशीच थबकली.

गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली होती. हाड मोडलं नव्हतं, पण उठता येईना. तिने मग बादली आपटायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या बाईला तो आवाज ऐकू जाईपर्यंत ती ओल्या फरशीवर पडून राहिली. बहीणभावांनी फोनवरच ठरवून टाकलं, आता एकटं राहणं पुरे. लेक एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. अपघात आधीच ओळखणं हेच तिचं काम. आज ती आईला कायमची घेऊन जायला आली होती. आई फोनवर एवढंच म्हणाली होती, "ये तर खरी."

आई कुशीवर वळली. दम खाल्ला. कोपर टेकलं, मग तळवा. दोन्ही गुडघ्यांवर येऊन ती रांगत मशीनपाशी गेली. लोकांचे कपडे याच मशीनवर शिवून तिने दोन मुलं वाढवली होती. तिने मशीनची कड धरली आणि एक पाऊल पुढे रोवलं. मान लाल झाली. गुडघा थरथरला. लेकीचे हात आपसूक पुढे आले. तिने ते पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

आई उभी राहिली. चष्मा घातला आणि मगच लेकीकडे पाहिलं.

"वाळलीस गं."

"माझं सोड. कधी पडलीस तू?"

"पडले कुठे? मुद्दाम आडवी झाले होते. डॉक्टर म्हणाले, आजी, आता पडायचं नाही. जसं काही मी हौसेनं पडले होते! व्यायाम शिकवायला येते ती पोरगी म्हणाली, आजी, उठायला शिका. मला तिचं पटलं."

लेकीला हसू आलं. कारखान्यात भिंतीभिंतीवर तिने 'जपून चाला' अशा पाट्या लावल्या होत्या. पडल्यावर काय करायचं, याची एकही पाटी तिच्याकडे नव्हती.

तेवढ्यात उघड्या दारातून काठी टेकत एक आजोबा आले. काखेत चटईची गुंडाळी. त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरची बाई, तिच्याही हातात चटई.

"बाई, आज कुठल्या कुशीवरून उठायचं?" आजोबांनी आईला विचारलं.

"डाव्या. आणि आज मशीन नाही, नुसती खुर्ची धरायची."

"आणि कालच्यासारखं मधेच घोरायचं नाही हं," खालच्या मजल्यावरची बाई आजोबांना म्हणाली.

लेक पाहत राहिली. त्या दिवशी आईला फरशीवरून उचललं होतं ते याच बाईने. आता ती आईसमोर चटई पसरून निमूट पुढच्या सूचनेची वाट पाहत होती. शाळेत बक्षिसासाठी आपल्याच मुलाचं नाव पुकारलं जावं, तसं लेकीला झालं. आजूबाजूला सांगायला कुणी हवं होतं, ही माझी आई म्हणून.

आजोबांनी काठीने दाराकडे दाखवलं. "या बॅगा कुणाच्या? बाई, तुम्ही कुठे निघालात की काय?"

आजोबांची चटई अर्धीच उलगडलेली राहिली. आई फक्त लेकीकडे पाहत होती.

"माझ्या आहेत," लेक म्हणाली. "चार दिवस राहायला आलेय. आईकडे शिकवणी लावायला."

आजोबांनी उरलेली चटई उलगडली.

आई दारापाशी गेली आणि तिने एक बॅग उचलली. आईचेच कपडे भरून न्यायला आणलेली ती बॅग साफ रिकामी होती. करंगळीनेही सहज उचलली गेली असती. आई क्षणभर थांबली. मग तिने दुसरा हातही लावला, ओठ आवळले आणि कण्हत, मधेच खाली टेकवत, ती बॅग कशीबशी आत आणली.

"केवढं भरून आणलंयस गं!"

खालच्या मजल्यावरची बाई मदतीला धावली.

"हात लावायचा नाही," आई म्हणाली.