सपाट रेघ

"हिच्या नाकाला धाड भरलेली नाही. तोंड आ वासून बसायची खोड आहे नुसती," बाप म्हणाला. "शाळेत सगळे मंद समजतात हिला. म्हटलं, एकदा मशीनवर मोजूनच घेऊ. म्हणजे हिच्या आईचंही समाधान होईल."

नाकातली हवा मोजणाऱ्या बाईंनी वर पाहिलं नाही. आठ वर्षांच्या चिमीच्या उजव्या नाकपुडीत त्यांनी बारीक नळी बसवली, भोवती चिकटपट्टी लावून ती बंद केली आणि नाकातोंडावर पारदर्शक मास्क धरला.

"आता तोंड मिटायचं, बाळा. डाव्या नाकपुडीनं श्वास घ्यायचा. नाहीच जमलं तर तोंड उघडायचं. आपण थांबू."

चिमीनं मान डोलावली. आई भिंतीला टेकून उभी होती. बाप समोरच्या खुर्चीत, लेकीकडे रोखून पाहत.

श्वासाबरोबर पडद्यावरची रेघ वरखाली व्हायला हवी होती. ती सपाट राहिली.

"घे ना श्वास," बाप म्हणाला. "नाटकं नकोत."

चिमीची छाती आत ओढली गेली. गळ्यापाशी खळगा पडला. रेघ हलली नाही.

"बरं, झालं. उघड तोंड," बाई म्हणाल्या.

चिमीनं उघडलं नाही. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण नजर बापावरून हटेना.

"अगं, उघड!" बाई ओरडल्या आणि त्यांनी मास्क खेचून काढला. तरी ओठ मिटलेलेच.

"बघतेस काय? उघड की!" बाप खेकसला.

तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं. खुर्चीचा दांडा धरून ती धापा टाकत राहिली.

बाईंनी पट्टी सोडवली. "डावी बाजू पूर्ण बंद आहे. हवा जातच नाही," त्या म्हणाल्या. "जीव गुदमरला की मुलं लगेच तोंड उघडतात. हिला हे कोणी शिकवलं?"

"आता आम्हाला काय स्वप्न पडलं होतं?" बापाचा आवाज चढला. "मुलीच्या जातीला वळण नको? चार शब्द बोलतो माणूस. कुठल्या घरात बोलत नाहीत?"

"बोलता?" आई भिंतीपासून पुढं आली. "पोरीच्या तोंडात घास असतो. श्वास घ्यायला ती तोंड उघडते, आणि तुम्ही चापट मारता. रोज. वर मलाच म्हणता, तू लाडावलीस."

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत."

बाईंनी दुसरी नळी काढली. "अजून एक बाजू मोजायची आहे," त्या हलकेच म्हणाल्या.

"तुम्ही बाहेर थांबा," आई त्याला म्हणाली.

"का म्हणून? बाप आहे मी तिचा."

"म्हणूनच."

त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या मास्क पुसत होत्या. मग तो उठला. तो बाहेर पडताच आईनं दार लोटलं आणि आतून कडी घातली.

बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. तो कोणाकडे न बघता दाराशीच उभा राहिला.

"बाबा गेले?" आतून चिमीचा आवाज आला.

"गेले."

मग दारापलीकडून श्वास ऐकू आला. मोठा, घरघरणारा, तोंडभरून घेतलेला.