एका बाजूने गुलाबी

प्रत्येक गोळी एका बाजूने गुलाबी होती आणि दुसऱ्या बाजूने पांढरी.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या औषधांच्या त्या दुकानात गोळ्या फरशीभर विखुरल्या होत्या आणि त्यांच्यावर दुकानदार खुरानांच्या नाकातले रक्त ठिबकत होते. विश्वजितने त्यांची कॉलर अजून सोडली नव्हती.

"चॉक बेचता है? मेरी माँ को चॉक खिलाया तूने?"

"साहब, असली माल है... माताजी तो मुझे बेटा..."

ठोसा तोंडावर बसला. काउंटरची काच फुटली. दारात जमलेल्यांपैकी कोणी अडवले नाही. दोघेजण मोबाइल उंच धरून उभे होते. "नकली दवावाला है, और मारो," असा सल्लाही मागून आला.

मैत्रेयी गर्दी सारत आत शिरली. ती विश्वजितची थोरली बहीण. नोएडातल्या एका प्रयोगशाळेत औषधे तपासण्याचे काम करी. रक्तदाब उसळून, मेंदूत रक्तस्राव होऊन आई इस्पितळात पोहोचली, तेव्हा विश्वजितने आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी मैत्रेयीच्या हातात कोंबली होती. "ताई, या नकली आहेत, तू फक्त सिद्ध कर. बाकीचं मी बघतो." काल आई गेली. आज निष्कर्ष हाती आला होता, आणि भाऊ फोन उचलत नव्हता.

विश्वजितने शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला. पहिला घाव खुरानांच्या खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू गेला. दुसरा डोक्यावर पडणार होता. मैत्रेयीने आकडा अधांतरी धरला. तिचा तळहात फाटला, पण तिने तो सोडला नाही.

"विशू, गोळ्या खऱ्या आहेत. आतलं औषध पूर्ण आहे. फक्त वरचा रंग उडालाय."

"अच्छा? आपोआप उडाला?"

"उजेडाने उडतो. पट्ट्या कुठे ठेवल्या होत्यास?"

"बाल्कनीच्या काचेवर चिकटवल्या होत्या. मागच्या चंदेरी बाजूवर मी सोमवार, मंगळवार असे वार लिहिले होते. आईला येता-जाता दिसावेत म्हणून."

म्हणजे चंदेरी बाजू घराकडे आणि पारदर्शक बाजू दिवसभर उन्हाकडे. मैत्रेयीला एवढे पुरले. विश्वजितला पुरले नाही.

"मग आई गेली कशाने? खऱ्या गोळ्या खाऊन?"

दोघे मराठीत बोलत होते. दारातली गर्दी काही न कळून पुढच्या घावाची वाट पाहत होती. फरशीवर खुराना मोडका खांदा धरून कण्हत होते.

"शेवटची गोळी तिने कधी घेतली?" मैत्रेयीने विचारले.

आकड्यावरची त्याची पकड सैल झाली नाही. आवाज मात्र सैल पडला.

"पांढऱ्या दिसल्या, त्याच दिवशी मी बंद केल्या, ताई. नकली औषध आईला कोण देईल? दुसरीकडून आणणारच होतो. पार्लमेंटचं सेशन चालू होतं, ऑफिसातून निघायलाच मिळेना यार..."



रंग उन्हाने उडवला होता. रक्तदाब उसळला होता तो गोळी एकाएकी थांबवल्यामुळे, आणि ती विश्वजितने थांबवली होती.