रस्सीखेचीचा दोर

“दोर सोडलात तर याद राखा!” पुढून बाई ओरडल्या. मुंबई बघायला आलेल्या नववीच्या मुली रस्सीखेचीच्या दोराला धरून फुटपाथवर रांगेनं चालल्या होत्या.

“पोळ्याचे बैल तरी सजवून नेतात,” मागून शबाना कुजबुजली.

केतकीला हसूही आलं नाही. सकाळपासून तिनं पाहिली ती फक्त पुढच्या मुलीची वेणी. आता रस्त्यापलीकडे चक्क समुद्र चमकत होता, आणि बाई माघारी वळल्या!

दोर सोडून केतकी धावतच पुढे गेली. “बाई, समुद्र!”

“दिसला गं,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. “एवढ्या गाड्यांतून तुम्हाला न्यायचं कसं? मीही पहिल्यांदाच आलेय.”

केतकीनं दोराचं टोक हाती घेतलं, सिग्नलकडे पाहिलं. “बाई, तुम्ही मधे या. आणि दोर सोडलात तर याद राखा!”