आपली पट्टी

"शर्वाणीताई, तुमच्या बँडचा गायक तर सिनेमात गायला पळाला. कार्यक्रम रद्द करू या?" सांगलीच्या नाट्यगृहात आयोजकाने विचारलं.

शर्वाणी सिंथेसायझरपाशी जाऊन बसली. दिवेलागण झाली होती. कुठेही असली तरी या वेळी सिंथेसायझरवर एक लांब, उदास सूर धरून प्रार्थना म्हणायची, हा तिचा नेम. बँडची सगळी गाणी त्याच सुरातून जन्मली होती. लोकांसमोर मात्र ती कधी गायली नव्हती.

प्रार्थना संपली तसा ड्रम मशीन सांभाळणारा हर्षद धावत आला. "अगं, माइक चालूच राहिला होता! बाहेर रांगेत सगळ्यांनी ऐकलं."

"अगंबाई! हसले का रे?"

"छे! चिडीचूप उभे आहेत."

तिने देवाचं नाव घेतलं आणि आयोजकाकडे वळली. "कार्यक्रम होणार."

"मग निदान नाचाची गाणी तरी घ्या. तुमची रडकी कोण ऐकणार?"

"आमचीच वाजतील."

"आणि गाणार कोण?"

शर्वाणीने सिंथेसायझरची पट्टी बदलली. इतकी वर्षं गाणी गायकाच्या गळ्याला सोसेल त्या पट्टीत वाजत होती. आज पहिल्यांदा तिने स्वतःची धरली.